बद्ध मेरुरज्जूवरील शस्त्रक्रिया

बद्ध मेरुरज्जूवरील शस्त्रक्रिया म्हणजे पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात जखडून राहिलेला मेरुरज्जू मोकळा करण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया होय. मेरुरज्जू असा जखडल्यामुळे जी लक्षणे दिसतात, त्यांच्या समुच्चयाला वैद्यकात टेदर्ड कॉर्ड सिंड्रोम असे म्हणतात. गुप्त स्पायना बिफिडा या जन्मजात दोषाच्या काही प्रकारांत ही अवस्था आढळते. या प्रकारांत पाठीवर उघडी जखम नसते, दोष त्वचेखाली झाकलेला असतो. त्यामुळे मूल वरकरणी निरोगी दिसते आणि विकार अनेकदा शालेय वयात किंवा त्यानंतर उघडकीस येतो.

पुढील हानी थांबवणे हा या शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू असतो. गमावलेली शक्ती काही अंशी परत येऊ शकते, परंतु मूत्राशयावरील नियंत्रण दीर्घकाळ बिघडलेले असल्यास ते पूर्ववत होण्याची शक्यता कमी असते. म्हणून या विकारात निदान केव्हा होते याला फार महत्त्व आहे. त्याचबरोबर, क्ष-किरण चित्रात मणक्याची कमान जुळलेली दिसली नाही एवढ्यावरून ही शस्त्रक्रिया केली जात नाही.

संज्ञा

स्पायना बिफिडा या लॅटिन शब्दांचा अर्थ 'दुभंगलेला कणा' असा आहे. डच वैद्य निकोलास तुल्प यांनी सतराव्या शतकात ही संज्ञा वापरली. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरचो यांनी १८७५ मध्ये त्वचेखाली झाकलेल्या प्रकाराला 'ऑक्युल्टा' म्हणजे गुप्त असे विशेषण जोडले.

या एकाच नावाखाली दोन भिन्न अवस्था येत असल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतो. पहिल्या अवस्थेत शेवटच्या कटिमणक्याची किंवा त्रिकास्थीच्या पहिल्या मणक्याची मागील कमान फक्त हाडापुरती अपुरी राहिलेली असते. अशी अपुरी कमान अनेक निरोगी माणसांत आढळते, तिचा त्रास होत नाही आणि तिला उपचारही लागत नाहीत. दुसऱ्या अवस्थेत हाडाबरोबर मेरुरज्जू, त्याची आवरणे किंवा त्याच्या टोकाचा तंतू यांचीही रचना बिघडलेली असते. हिला बंद किंवा गुप्त मेरुदोष म्हणतात. मेरुरज्जू बद्ध होण्याचा संभव या दुसऱ्या अवस्थेत असतो.

शरीररचना आणि कारणे

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत गर्भाची मज्जानलिका मिटते आणि तिच्यापासून पुढे मेंदू व मेरुरज्जू घडतात. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात मेरुरज्जू कण्याच्या पोकळीत शेवटपर्यंत पोहोचलेला असतो. त्यानंतर कणा मेरुरज्जूपेक्षा वेगाने लांब होतो, त्यामुळे मेरुरज्जूचे टोक तुलनेने वर सरकत जाते. जन्माच्या सुमारास ते साधारणतः दुसऱ्या ते तिसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवर असते. पुढे ते पहिल्या व दुसऱ्या कटिमणक्यांच्या दरम्यान स्थिरावते.

मेरुरज्जूच्या निमुळत्या टोकाला मज्जाशंकू म्हणतात. तेथून एक बारीक, लवचीक धागा खाली माकडहाडापर्यंत जातो, त्यास अंत्यतंतू म्हणतात. मनुष्य वाकला, बसला किंवा धावला की कण्याची लांबी किंचित बदलते. निरोगी अंत्यतंतू त्यानुसार ताणला जातो आणि मेरुरज्जूला झळ लागू देत नाही. हा तंतू जाड, मेदयुक्त किंवा ताठ असेल, अथवा मेरुरज्जू एखाद्या मेदगाठीला वा हाडाला चिकटलेला असेल, तर ही सोय राहत नाही. प्रत्येक हालचालीचा आणि वाढत्या उंचीचा ताण थेट मेरुरज्जूवर येतो.

हा ताण नेमके काय करतो याचे स्पष्टीकरण शोकेई यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडले. मेरुरज्जू ताणला गेल्यावर त्यातील पेशींच्या ऑक्सिजन वापरण्याच्या क्रियेत बिघाड होतो, हे त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांत पाहिले. ताण सौम्य असेल तर तो काढल्यावर पेशी सावरतात, परंतु तो तीव्र असेल किंवा दीर्घकाळ राहिला तर पुरते सावरत नाहीत. लवकर शस्त्रक्रिया करण्यामागील तर्क याच निरीक्षणावर आधारलेला आहे.

मेरुरज्जू बद्ध होण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

जाड अथवा मेदयुक्त अंत्यतंतू: २ मिलिमीटरपेक्षा अधिक जाडीचा अंत्यतंतू सामान्यतः विकृत मानला जातो.

मेरुरज्जूची मेदगाठ: त्वचेखालील चरबी कण्यातील फटीतून आत जाऊन मेरुरज्जूच्या टोकाशी एकजीव झालेली असते.

दुभंगलेला मेरुरज्जू: मेरुरज्जूचा काही भाग दोन पट्ट्यांत विभागलेला असतो. दोहोंच्या मध्ये हाडाचा काटा किंवा तंतुमय पडदा असतो.

त्वचीय विवर: त्वचेवरील बारीक छिद्रापासून निघालेली नळी आत मेरुरज्जूच्या आवरणापर्यंत जाते. तिच्या वाटे जंतू आत शिरून मस्तिष्कावरणदाह होऊ शकतो.

लक्षणे

नवजात बालकात पाठीच्या मध्यरेषेवरील त्वचेची खूण हे बहुधा पहिले चिन्ह असते. केसांचा पुंजका, मऊ गाठ, लालसर डाग, शेपटीसारखे उपांग, छिद्र किंवा नितंबांमधील रेषेचे एका बाजूस वळणे या त्यातील प्रमुख खुणा होत. त्यांचा अर्थ लक्षात न आल्यास त्या जन्मखूण म्हणून सोडून दिल्या जातात. प्रत्येक खळी मात्र धोक्याची नसते. गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत, नितंबांच्या रेषेत असलेली लहान आणि उथळ खळी बहुधा निरुपद्रवी असते. त्याहून वर असलेली, खोल, किंवा केस वा डागासह असलेली खळी तपासून घ्यावी लागते.

शालेय वयात लक्षणे हळूहळू येतात. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान राहते, पावलाची कमान उंचावते किंवा बोटे आकसतात. एका पायातील चप्पल वारंवार निसटते किंवा तिचा तळ एकाच बाजूने झिजतो. मूल धावताना अडखळते आणि वाकल्यावर पाठ व पाय दुखतात. पावलांची संवेदना कमी झाल्यामुळे लागलेली ठेच किंवा झालेली जखम त्याच्या ध्यानात येत नाही. काहींचा कणा एका बाजूस वाकू लागतो.

मूत्राशयाची लक्षणे सर्वांत जास्त गैरसमजाची ठरतात. पूर्वी कोरडे राहणारे मूल दिवसाही कपडे ओले करू लागते, लघवी थेंबथेंब होते, वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि सोबत बद्धकोष्ठता असते. घरी किंवा शाळेत याचा दोष आळसाला, भीतीला किंवा वाईट सवयीला दिला जातो आणि मुलाला रागावले जाते. केवळ रात्री अंथरूण ओले करणाऱ्या बहुसंख्य मुलांचा कणा निरोगी असतो. परंतु एकदा आलेले नियंत्रण पुन्हा जाणे, दिवसा लघवी सुटणे आणि त्यासोबत पाय, पाठ किंवा शौचाची तक्रार असणे ही वैद्यकीय तपासणीची कारणे आहेत, शिक्षेची नव्हेत.

प्रौढांमध्ये कंबर, गुदद्वाराचा परिसर व पाय यांतील वेदना हे प्रमुख लक्षण असते. उंचीची झपाट्याने वाढ, प्रसूती, पडणे किंवा सतत वाकून करावे लागणारे काम यांनंतर सुप्त विकार प्रकट झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

निदान

पहिल्या तीन-चार महिन्यांत बालकाच्या मणक्यांच्या कमानी पुरत्या कठीण झालेल्या नसतात. त्यामुळे सोनोग्राफीने मेरुरज्जूचे टोक व त्याची हालचाल दिसू शकते. त्यानंतर एमआरआय ही मुख्य तपासणी ठरते. मज्जाशंकूची पातळी, अंत्यतंतूची जाडी, मेदगाठीचा विस्तार आणि मेरुरज्जूचे दुभंगणे हे सर्व तीत स्पष्ट होते. लहान मूल स्थिर राहत नसल्याने या तपासणीसाठी त्यास गुंगी द्यावी लागते. हाडाचा काटा नीट पाहण्यासाठी सीटी स्कॅनचा उपयोग होतो.

मूत्राशयातील दाब व साठवणक्षमता मोजणाऱ्या तपासणीस युरोडायनॅमिक तपासणी म्हणतात. बाहेरून लक्षण दिसण्यापूर्वीही तीत बिघाड आढळू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वीची मापे नोंदवून ठेवल्यास पुढील तुलनेसाठीही ती उपयोगी पडतात.

शस्त्रक्रियेचा निर्णय

लक्षणे वाढत असतील आणि एमआरआयमध्ये त्यांच्याशी जुळणारी विकृती असेल, तर शस्त्रक्रियेविषयी बहुतेक तज्ज्ञांचे एकमत असते. हाडाचा काटा किंवा त्वचीय विवर असेल तर लक्षणे नसतानाही शस्त्रक्रिया सुचवली जाते. लक्षणे नसलेल्या मुलाच्या मेदगाठीबाबत मात्र मतभेद आहेत.

पॅरिसमधील रुग्णांवर आधारित, अभय कुलकर्णी, अ‍ॅलेन पिएर-कान व मिशेल झेरा यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणे नसलेल्या ५३ रुग्णांवर शस्त्रक्रिया न करता फक्त लक्ष ठेवण्यात आले. नऊ वर्षांत प्रकृती बिघडण्याचा अंदाजित धोका या गटात ३३ टक्के, तर पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या गटात ४६ टक्के निघाला. याउलट डाकलिंग पँग व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, मेदगाठ संपूर्णपणे काढल्यास १६ वर्षांनंतरही सुमारे ८३ टक्के रुग्णांची अवस्था बिघडलेली नव्हती. मेदगाठ अंशतः काढलेल्या रुग्णांत हे प्रमाण पुष्कळच कमी होते. शस्त्रक्रियेचे तंत्र व शल्यविशारदाचा अनुभव यांवर निकाल किती अवलंबून असतो, हे या दोन अभ्यासांच्या तुलनेतून लक्षात येते.

दुसरा वाद एमआरआय सामान्य असलेल्या मुलांविषयी आहे. मज्जाशंकू योग्य जागी असताना केवळ लघवीच्या तक्रारीसाठी अंत्यतंतू कापावा का, हे पाहण्यासाठी कॅनडात २१ मुलांवर एक लहान यादृच्छिक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधोपचारापेक्षा शस्त्रक्रियेचा अधिक वस्तुनिष्ठ लाभ त्यात दिसला नाही.

शस्त्रक्रियेची पद्धत

पूर्ण भूल देऊन रुग्णास पालथे झोपवतात. पायांचे स्नायू व गुदद्वाराचा स्नायू यांत बारीक विद्युत्-अग्रे बसवून मज्जातंतूंचे कार्य सतत तपासले जाते. या तपासणीत अडथळा येऊ नये म्हणून स्नायू दीर्घकाळ शिथिल ठेवणारी औषधे टाळतात. पाठीच्या मध्यरेषेवर छेद घेऊन एक-दोन मणक्यांची कमान उघडली जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेरुरज्जूचे बाह्य आवरण चिरले जाते.

अंत्यतंतूचे छेदन ही यातील सर्वांत सोपी शस्त्रक्रिया होय. आसपासच्या मज्जातंतूंतून अंत्यतंतू वेगळा ओळखणे हा तिचा कळीचा टप्पा असतो. त्याचा रंग, त्यातील पिवळसर चरबी आणि पृष्ठभागावरील नागमोडी रक्तवाहिनी यांवरून तो ओळखता येतो. नंतर त्यास सौम्य विद्युत्-स्पर्श करतात. पाय किंवा गुदद्वार यांचा एकही स्नायू हलला नाही, तर त्यात कार्यरत मज्जातंतू नाही अशी खात्री पटते. मग त्यातील रक्तवाहिनी गोठवून तंतू कापला जातो व त्याचा लहानसा तुकडा काढून तपासणीस पाठवतात.

मेदगाठीची शस्त्रक्रिया यापेक्षा पुष्कळ कठीण असते, कारण चरबी आणि मेरुरज्जू यांच्यात स्पष्ट सीमा नसते. ध्वनिलहरींनी ऊती फोडून शोषून घेणारे उपकरण किंवा लेझर वापरून चरबी टप्प्याटप्प्याने काढली जाते. नंतर मेरुरज्जूच्या उघड्या कडा शिवून त्यास पुन्हा नळीसारखा आकार देतात. तो पुन्हा चिकटू नये म्हणून आवश्यकतेनुसार बाह्य आवरणास जोड लावून आतील जागा वाढवतात.

मेरुरज्जू हाडाच्या काट्याने दुभंगलेला असेल तर क्रमाला महत्त्व असते. आधी काटा काढतात आणि नंतर अंत्यतंतू कापतात. क्रम उलटल्यास सुटलेला मेरुरज्जू वर सरकताना काट्यावर आदळून इजा होण्याची भीती असते. त्वचीय विवराची नळी त्वचेपासून आतल्या टोकापर्यंत पूर्ण काढावी लागते.

शेवटी बाह्य आवरण पाणी झिरपणार नाही इतके घट्ट शिवले जाते. त्या शिवणीवर दाब येऊ नये म्हणून रुग्णास काही दिवस सपाट झोपवून ठेवतात.

धोके आणि परिणाम

जखमेतून मस्तिष्क-मेरुद्रव झिरपणे, त्याचा त्वचेखाली फुगा तयार होणे आणि जंतुसंसर्ग हे नेहमीचे धोके आहेत. पायांतील शक्ती किंवा मूत्राशयाचे नियंत्रण शस्त्रक्रियेमुळेच कमी होणे हा गंभीर धोका होय. अंत्यतंतूच्या छेदनात तो अल्प असतो, मोठ्या मेदगाठीत अधिक असतो. व्रणामुळे मेरुरज्जू पुन्हा जखडला जाऊ शकतो आणि असे होण्याचे प्रमाणही मेदगाठीच्या रुग्णांत जास्त असते. वारंवार बद्ध होणाऱ्या प्रौढ रुग्णांत मेरुरज्जूला हात न लावता कण्याचीच लांबी किंचित कमी करण्याची शस्त्रक्रिया काही ठिकाणी केली जाते.

सुधारणेचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो. वेदना सर्वांत जास्त रुग्णांत कमी होते. त्याखालोखाल पायांतील शक्ती सुधारते. मूत्राशय व आतड्यांचे नियंत्रण सर्वांत कमी प्रमाणात परत येते. पावलाची किंवा कण्याची पक्की झालेली वक्रता या शस्त्रक्रियेने सरळ होत नाही. तिच्यासाठी अस्थिशल्यविशारदाचे उपचार लागतात.

मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसल्यास दिवसातून ठरावीक वेळी स्वच्छ नळीने लघवी काढण्याची पद्धत शिकवली जाते. अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये ती प्रचारात आणली. मूत्रपिंडे वाचवणारा हा साधा उपाय थोड्या सरावानंतर शाळकरी मुलेही स्वतः करू शकतात. त्यासाठी शाळेत स्वच्छ, पाणी असलेले आणि आतून बंद होणारे शौचालय आवश्यक असते. मुलाची उंची वाढणे थांबेपर्यंत नियमित तपासणी चालू ठेवतात.

इतिहास

लंडनचे शल्यविशारद एथल जॉन्सन यांनी एका बालकाच्या त्रिकास्थीजवळील, मेरुआवरणांशी जोडलेली मेदगाठ काढल्याची नोंद १८५७ ची आहे. सतराव्या वर्षापर्यंत कोणतेही लक्षण नसलेला आणि नंतर शस्त्रक्रियेने बरा झालेला एक रुग्ण १८९१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वर्णिला गेला. आल्फ्रेड फुक्स यांनी १९०९ मध्ये लघवीवरील ताबा सुटणे आणि गुप्त स्पायना बिफिडा यांचा संबंध दाखवला. गार्सो यांनी १९५३ मध्ये अंत्यतंतूच्या ताणामुळे होणाऱ्या विकाराचे वर्णन केले. टोरोंटो येथील हॉफमन, हेंड्रिक व हम्फ्रीज यांनी १९७६ मध्ये ३१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि त्यानंतर बद्ध मेरुरज्जू ही संज्ञा रूढ झाली. १९८० च्या दशकात एमआरआय उपलब्ध झाल्यावर निदान लक्षणीयरीत्या सोपे झाले.

महाराष्ट्रातील उपचारव्यवस्था

भारत सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शासकीय तसेच अनुदानित शाळांत तपासणी केली जाते. मज्जानलिकेतील दोष हा त्यातील जन्मजात व्यंगांच्या यादीत समाविष्ट आहे. दोष आढळलेल्या मुलांना पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. उघडा दोष जन्मतःच दिसतो. गुप्त दोष मात्र तपासणाऱ्याने मुलाची पाठ उघडी करून पाहिली आणि चाल व लघवीविषयी विचारले तरच सापडतो.

पालघरच्या दक्षिणेस, त्याच पश्चिम रेल्वेमार्गावर ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हे शहर आहे. येथील महानगरपालिका २००२ मध्ये अस्तित्वात आली. भाईंदर पश्चिमेस भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय हे सार्वजनिक रुग्णालय आहे. अशा उपनगरांत या विकाराची पहिली शंका महापालिकेचे आरोग्य केंद्र, बालरोगतज्ज्ञ किंवा कुटुंबाचे डॉक्टर यांच्याकडेच येऊ शकते. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेसाठी मात्र बालरुग्णांची भूल, सूक्ष्मदर्शक, मज्जातंतूंची विद्युत्-तपासणी आणि बालमूत्रविकारतज्ज्ञ या सोयी एकत्र असलेले रुग्णालय लागते.

मुंबईत परळ येथे १९२९ साली स्थापन झालेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आणि जवळच असलेले महापालिकेचे केईएम रुग्णालय ही या प्रदेशातील परिचित केंद्रे आहेत. भाईंदरहून दादर लोकलने सुमारे ३३ किलोमीटर आहे आणि तेथून परळ जवळ आहे. शस्त्रक्रियेनंतरही मेंदू व मज्जासंस्था, मूत्रविकार, अस्थिरोग आणि फिजिओथेरपी या विभागांत अनेक वर्षे जावे लागते. प्रत्येक विभागाचा वार वेगळा असेल तर पालकांचा रोजगार आणि मुलाची शाळा दोन्ही बुडतात. म्हणून एकाच दिवशी सर्व तज्ज्ञ भेटतील असे संयुक्त स्पायना बिफिडा क्लिनिक ही पद्धत जगभर उपयुक्त मानली गेली आहे. खर्चासाठी राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मज्जासंस्थेवरील निवडक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. दाखल होण्यापूर्वी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून पात्रतेची खात्री करून घेता येते.

प्रतिबंध

गर्भधारणेपूर्वीपासून दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्यास मज्जानलिकेच्या उघड्या दोषांचे प्रमाण घटते. आधीच्या अपत्यात असा दोष असलेल्या स्त्रियांना यापेक्षा जास्त, म्हणजे दररोज ४ मिलिग्रॅम मात्रा दिल्यास पुनरावृत्तीचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासाने १९९१ मध्ये सिद्ध केले. ही मात्रा वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी लागते. मज्जानलिका पहिल्या चार आठवड्यांतच मिटत असल्यामुळे गर्भधारणा लक्षात आल्यानंतर गोळी सुरू केल्यास बहुधा उशीर झालेला असतो. मेदगाठीसारख्या गुप्त प्रकारांवर फॉलिक आम्लाचा परिणाम तितका स्पष्ट नाही. त्यामुळे या प्रकारांत जन्मानंतर पाठीची नीट तपासणी आणि वाढत्या वयातील बदलांकडे वेळीच दिलेले लक्ष यांवरच अधिक भर द्यावा लागतो.